तिरक्या कापाची भूमिती

१९३० ते १९३९ या काळातील पॅरिसच्या किंवा हॉलिवुडच्या छायाचित्रांत एक पोशाख वारंवार दिसतो. तो म्हणजे अंगासरशी उतरत गुडघ्याखाली पसरणारा, संध्याकाळच्या समारंभाचा रेशमी पायघोळ झगा. रबरासारखा ताणला जाणारा स्पॅन्डेक्स धागा १९५८ साली आला. मग हे साधे विणलेले कापड अंगाला इतके कसे बिलगत असे?

याचे उत्तर आपल्याला सुती रुमालात सापडते. रुमाल कडेला समांतर ओढला तर फारसा ताणला जात नाही. ओढ सरळ ताण्यावर किंवा बाण्यावर पडते. समोरासमोरचे कोपरे धरून ओढला, तर तो लांबतो आणि मध्ये अरुंद होतो. येथे धाग्यांची लांबी बदलत नाही, त्यांच्यातील काटकोन बदलतो. चौरसाचा समभुज चौकोन होतो. समभुज चौकोनाच्या कर्णांच्या वर्गांची बेरीज बाजूच्या वर्गाच्या चौपट असते. १० सेंमी बाजूच्या चौरसाचे कर्ण सुमारे १४.१ सेंमी असतात. ओढल्यावर एक १६ सेंमी झाला, की दुसरा १२ सेंमीच होणार. झग्याचे कापड धाग्यांशी ४५ अंशांत कापले, तर ही ओढ कापडाच्या वजनानेच मिळते.

शिंप्यांना हा गुण पूर्वीपासून ठाऊक होता. आपल्याकडची उरेपी पट्टी आणि चुडीदार त्याच तत्त्वावर बेततात. परंतु संपूर्ण झगा असा कापण्याचे तंत्र सिद्ध केले ते मादलेन व्हियोने (१८७६–१९७५) यांनी. त्यांची शाळा लहानपणीच सुटली आणि त्या शिवणकामाला लागल्या. १९१२ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये स्वतःची पेढी काढली. लहान लाकडी बाहुलीवर कापड लपेटून, टाचण्या लावून त्या आकार ठरवीत आणि मग तो मोठा करीत. प्रतिकृतीवर केलेला हा प्रयोगच होय. मोठे तिरके तुकडे निघावेत म्हणून त्या अधिक पन्ह्याचे क्रेप खास विणून घेत. कॉर्सेटने शरीर आवळून त्याला कपड्याचा आकार देणे त्यांना मान्य नव्हते. शरीराने कपड्याला आकार द्यावा, अशी त्यांची दृष्टी होती.

या झग्यांच्या मोहिनीत प्रकाशाचाही वाटा होता. सॅटिनच्या विणीत पृष्ठभागावर लांब मोकळे धागे असतात, त्यामुळे ते चकाकते. १९३३ च्या ‘डिनर अ‍ॅट एट’ या कृष्णधवल चित्रपटात जीन हार्लोने एड्रियन यांनी योजलेला पांढऱ्या सॅटिनचा झगा घातला होता. रंग नसूनही प्रत्येक वळण छायाप्रकाशाने उठून दिसते.

शाळेत शिवण आणि भूमिती यांचे तास वेगळे असतात. एकीला आपण हस्तकौशल्य म्हणतो, दुसरीला ज्ञान. व्हियोने यांच्या कामात असा भेद दिसत नाही. रुमालावर १० सेंमीचा चौरस आखून विद्यार्थ्यांना दोन्ही कर्ण ओढण्यापूर्वी आणि ओढताना मोजू द्यावेत. मग जवळच्या शिंप्याला विचारायला सांगावे: उरेप कापलेला घेरदार कपडा खालची कड दुमडण्यापूर्वी टांगून का ठेवतात? उत्तर विद्यार्थ्यांना आधीच ठाऊक असेल.