‘डाकघर’ आणि वॉर्साचीं पोरकीं मुलें

घरांत मृत्यु घडला म्हणजे वडील माणसें लहान मुलांस शेजारीं धाडतात आणि ‘देवाघरीं गेले’ एवढ्या वाक्यावर त्यांची समजूत घालतात. मुलाचा शोक तेवढ्यानें संपत नाहीं. तो मुका होतो. अशा मुक्या शोकाला वाट करून देण्याचा एक प्रयत्न पोलंडच्या राजधानींत झाला, आणि त्याच्या अखेरीशीं एका भारतीय नाटकाचा संबंध आला.

१९१२ सालीं वॉर्सा येथें क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठीं एक गृह उघडलें. त्याचे चालक यानुश कोर्चाक हे डॉक्टर व ग्रंथकार होते. पोरक्या मुलास उपदेश पाजण्यापेक्षां त्यास स्वतःकडे पाहावयास शिकवावें, असा त्यांचा बाणा होता. येत्या आठवड्यांत अमुक वेळांहून अधिक भांडणार नाहीं, अशी पैज मूल डॉक्टरांशीं लावी आणि आठवडा संपतांच आपला हिशेब आपणच सांगे. साक्षीदार नसे, तपासणी नसे. मुलाचा शब्द प्रमाण मानला जाई.

१९४० सालीं जर्मन अंमलांत हें गृह भिंतींनीं वेढलेल्या ज्यू वस्तींत हलवावें लागलें. भूक, रोग आणि मृत्यु हीं तेथें नित्याचीं झालीं. तरीही मुलें रोजनिशी लिहीत व डॉक्टरांस वाचून दाखवीत. डॉक्टरही आपली रोजनिशी त्यांस वाचून दाखवीत.

१८ जुलै १९४२ रोजीं या मुलांनीं रवींद्रनाथांचें ‘डाकघर’ करून दाखविलें. रवींद्रनाथांनीं १९०२ त पत्नी, १९०३ त कन्या रेणुका आणि १९०७ त धाकटा मुलगा शमींद्र गमावला. त्यानंतर १९११ सालीं हें नाटक लिहिलें. त्यांतील आजारी अमल वैद्याच्या आज्ञेनें घरांत कोंडलेला आहे. तो खिडकीशीं बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशीं बोलतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो आणि शेवटीं शांतपणें झोपीं जातो. मृत्यूकडे निर्भयपणें पाहावयास मुलांनीं शिकावें, हा कोर्चाक यांचा हेतु होता, असें सांगतात.

चारच दिवसांनीं हद्दपारी सुरू झाली. ऑगस्टच्या प्रारंभीं गृहांतील सुमारें २०० मुलें ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यांत आलीं. स्वतःचे प्राण वाचविण्याची संधी नाकारून कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले. सहकारिणी स्टेफानिया विल्चिन्स्का याही गेल्या. दोघेंही परतलीं नाहींत.

या शिक्षणानें मुलांचे प्राण वाचले नाहींत. तथापि, जीं थोडीं वर्षें मिळालीं त्यांत त्यांस आपलें दुःख एकट्यानें गिळावें लागलें नाहीं. शोकाकुल मुलाजवळ गप्प बसून त्याचें बोलणें संपेपर्यंत ऐकणें कोणत्याही घरांत शक्य आहे.