नरक्या

मावशीची केमो चालू होती तेव्हा फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. त्यातलं इरिनोटेकॅन हे नाव तेव्हाच पाठ झालं. पण हे औषध ज्या द्रव्यापासून बनतं ते आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात असतं, हे मला फार उशिरा कळलं.

झाडाचं नाव नरक्या. महाबळेश्वर-कोयनेकडच्या दाट, ओल्या जंगलातलं लहानसं झाड. फुलं बारीक, पिवळसर, आणि वास असा की दुसरं नाव सुचूच नये! शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना. (मी आधी न्यूमोनिया वाचलं होतं.) हा निमोनियाना म्हणजे जोसेफ निमो. मुंबईच्या टपालखात्यातले जॉन ग्रॅहम इथल्या वनस्पतींची सूची करत होते. १८३९ साली ती छापली जात असतानाच ते खंडाळ्याला वारले आणि निमोंनी ती पुरी केली. त्या सूचीत या झाडाला निमोंचं नाव मिळालं, पण जागा मात्र भलत्याच वंशात.

पुढे शंभरेक वर्षं कुणाला त्याचं फारसं काही पडलं नव्हतं. १९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं. त्या झाडाला चिनीत म्हणतात 'आनंदाचं झाड'. गंमत म्हणजे हे वाणी आपल्या नंदुरबारचे! आणि १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात सापडलं. तिकडे आनंद, इकडे नरक, आत माल एकच.

शुद्ध द्रव्य माणसाला सोसेना, म्हणून सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या. ते पेशींतल्या नेमक्या कोणत्या विकराला अडवतं हे १९८५ मध्ये उमगलं आणि १९९६ मध्ये त्यापासून केलेल्या दोन औषधांना अमेरिकेत मंजुरी मिळाली. मग काय, नरक्याची मागणी वाढली. साल, खोड, मुळं सगळ्यांतच द्रव्य. म्हणजे फांद्या छाटून भागत नाही, झाड मुळासकट उपटलं जातं. ढलप्या करून पोती भरून माल परदेशी गेला. तोडणाऱ्यांना तो कशासाठी जातोय हे कितपत ठाऊक असेल, देव जाणे.

मावशी आता बरी आहे. परवा तिला झाडाचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "याला असलं नाव कोणी रे ठेवलं?"