उपासाचं औषध आणि एलिझाबेथ ह्यूज

सोळा तास उपास आणि आठ तासांत जेवण, याचे फायदे काय हा प्रश्न हल्ली घरोघरी आहे. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणारे आपण, तेव्हा जरा जपूनच बोलू. पण एकेकाळी उपास हे मधुमेहावरचं, डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध होतं. आज त्याबद्दल सांगतो.

१८७० मध्ये प्रशियाच्या सैन्यानं पॅरिसला वेढा घातला. शहरात खायचे हाल सुरू झाले. तिथल्या बुशार्दा यांच्या लक्षात आलं, की मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली आहे. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेडरिक ॲलन यांनी याच दिशेनं अख्खी उपचारपद्धती बसवली. लघवीत साखर दिसेनाशी होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचं, मग अन्न हळूहळू वाढवायचं. साखर दिसली, की पुन्हा उपास. भाज्यासुद्धा तीन-तीनदा उकळायच्या आणि पाणी फेकून द्यायचं, त्यातला पिष्टमय अंश निघून जावा म्हणून!

एलिझाबेथ ह्यूज १९१९ मध्ये ॲलन यांच्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती, वजन साधारण ३४ किलो. तिचे वडील पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झाले, म्हणजे पैशाची, डॉक्टरांची कमतरता नव्हती. ऑगस्ट १९२२ मध्ये तिला टोरांटोला बँटिंग यांच्याकडे नेलं, तेव्हा पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या या मुलीचं वजन उरलं होतं जेमतेम २० किलो. ॲलन यांचं माप होतं साखर, आणि त्या मापानं उपचार लागू पडत होता. मुलगी मात्र झिजत चालली होती.

मग ॲलन क्रूर होते का? मला तसं वाटत नाही. तिच्या शरीरात इन्शुलिन जवळपास तयारच होत नव्हतं. उपासानं रोग हटला नाही, पण तेवढे दिवस निघाले, आणि तेवढ्यात इन्शुलिन आलं. ती १९८१ पर्यंत जगली.

मधुमेह एकच नाही, हे हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्ये दाखवलं. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. २०११ मध्ये न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांनी अशा अकरा जणांना आठ आठवडे रोज सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं. आठवड्याभरातच त्यांची उपाशीपोटीची साखर सामान्य पातळीवर आली. हाही निर्जळी उपास नव्हता, खाणं कमी केलं होतं, एवढंच.

म्हणून ‘उपासानं शुगर गेली’ असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, कुठला मधुमेह? आणि इन्शुलिन चालू आहे का? कारण डोस तोच ठेवून जेवण टाळलं, तर साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडतो.