वाईट हवा आणि बेगमपेटचा डास

हिवताप दलदलीतल्या दूषित हवेने येतो, असे वैद्यक शतकानुशतके मानत आले. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच ‘वाईट हवा’. ही समजूत मोडली ती आपल्या सिकंदराबादेत. २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेटच्या लष्करी इस्पितळात रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. हुसेन खान या रुग्णाला ते चावलेल्या दर डासामागे एक आणा देत. (आजच्या भावात काय पडेल?) डास मेलेले पाणी पिऊन ताप येतो, असा त्यांचे गुरू मॅन्सन यांचा तर्क होता. तोही १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवरच्या प्रयोगांत रॉस यांनीच खोडला.

पण चुकीच्या ‘हवे’पायी बुजवलेल्या दलदलींनी ताप खरोखरच हटला होता! उलट रॉस यांचे ज्ञान खरे, तरी डीडीटीच्या जोरावर १९६५ मध्ये लाखभरावर आलेले देशातले रुग्ण १९७६ मध्ये ६४ लाखांवर गेले. डासांना डीडीटी पचू लागले होते, आणि आमची सरकारी जमात निर्धास्त झाली होती.

डेंग्यूचा डास तर दिवसा चावतो, स्वच्छ पाण्यात वाढतो. आपल्या मांडवामागच्या पिंपांना झाकणे आहेत का, ते यंदा मी पाहणार आहे.