इंदापूरची आणेवारी आणि दूरचे ग्रह

पेशवाई बुडून दहा वर्षे होतात न होतात, तोच आर. के. प्रिंगल या तरुण मुलकी अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यातल्या जमिनींची मोजणी हाती घेतली. प्रिंगल हा हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली शिकलेला. पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो निर्दोष होता. इंदापुरात तो साफ कोसळला. हाताखालच्या लोकांनी पुरवलेल्या आकड्यांत खोट होती, धान्याचे भाव पडलेले होते, आणि पर्जन्यछायेतल्या त्या तालुक्यात पाऊस वेळेवर येईलच याची हमी कोणी द्यायची? जमिनी पड पडल्या, माणसे घरेदारे सोडून शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. आपण ज्याला ‘राहण्याजोगा मुलूख’ म्हणतो, तो वरून ठरवलेल्या एका आकड्याने ओस पडू शकतो, हे इंदापूरने तेव्हा पाहिले.

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांवर जीव राहू शकेल का, याविषयी वाचताना मला नेहमी हा प्रिंगल आठवतो. १९५९ साली सू-शू ह्वांग या खगोलशास्त्रज्ञाने ताऱ्याभोवतीच्या वसतियोग्य पट्ट्याची कल्पना मांडली. ताऱ्याच्या फार जवळ गेले तर पाण्याची वाफ होते, फार दूर गेले तर बर्फ. मधल्या पट्ट्यात ते द्रवरूप राहू शकते. १९९३ मध्ये जेम्स कास्टिंग आणि सहकाऱ्यांनी आपल्या सूर्यापुरता हा पट्टा सावधपणे आखला. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरले, तर तो ०.९५ ते १.३७. कल्पना उपयोगी आहे, यात शंका नाही. पण तिच्यात पाहिले जाते ते मुख्यतः अंतर. ही प्रिंगलची पायरी झाली.

पुढची पायरी इंदापुरातच पडली. १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी तिथे नवी आकारणी लागू केली. सारा बराच उतरवला आणि दर तीस वर्षांसाठी कायम केले. मुंबई इलाख्याच्या रयतवारी पाहणीचा पाया तो हाच. त्यातून तयार झालेल्या पद्धतीत निव्वळ उत्पन्नाचा हिशेब नव्हता, जमीन उकरून पाहणे होते. पावणेदोन हात खोल, बारीक पोताची काळी जमीन सोळा आणे. खोली कमी तसे आणे कमी. मग दोष पाहायचे: वाळू, उतार, ओलावा धरण्याची कुवत नसणे, ओढ्याच्या पाण्याने वाहून जाण्याची भीती, आणि चुनखडीचे खडे. एकेका दोषाला जमीन एकेक वर्ग खाली. (आणेवारी हा शब्द आपल्या तोंडून अजून गेलेला नाही, सरकारी कागदांत तेवढी त्याची पैसेवारी झाली.)

यातल्या चुनखडीपाशी जरा थांबायला हवे. बारामती-इंदापूरच्या खाली आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण, बेसाल्ट. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते, ते हा दगड झिजवते आणि त्यातले कॅल्शियम मोकळे होते. थोडे कॅल्शियम इथेच खड्यांच्या रूपाने बसते. उरलेले नीरा-भीमेतून कृष्णेला आणि समुद्राला मिळते आणि तिथे त्याचा चुनखडक होतो. हवेतला कार्बन असा दगडात जातो आणि ज्वालामुखीतून पुन्हा वर येतो. वॉकर, हेज आणि कास्टिंग यांनी १९८१ मध्ये दाखवले, की पृथ्वीचे तापमान सावरणारी यंत्रणा हीच असावी. ऊन वाढले की झीज वाढते, वायू कमी होतो. गारठा आला की झीज मंदावते, वायू साचतो. लाखो वर्षांच्या या हिशेबावर तो वसतियोग्य पट्टा उभा आहे. शेतकऱ्याच्या नांगराला लागणारा आणि पाहणीत एक वर्ग खाली आणणारा हा खडा ग्रहाच्या खात्यात मात्र जमेला पडतो! म्हणून नुसते अंतर पुरत नाही; दगड हवा, पाऊस हवा, आणि पोटात धग असलेला, अजून थंड न झालेला ग्रह हवा.

पाणी आले की सगळे झाले, असेही नाही. १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला. १८८५ पासून त्याचे पाणी बारामती-इंदापूरकडे वाहू लागले आणि कालव्याखालचा भाग बागाईत झाला. पण सोळा आण्यांच्या खोल काळ्या जमिनीचा निचरा वाईट. मुरलेले पाणी केशाकर्षणाने वर यायचे, उन्हाने उडून जायचे आणि मीठ मागे ठेवायचे. १९१० मध्ये हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. चिबड आणि चोपण हे शब्द त्या शिवारातल्या लेकरालाही ठाऊक असतात. मंगळावर फिनिक्स यानाला २००८ मध्ये मातीत परक्लोरेटचे क्षार सापडले. तिथेही एकेकाळी पाणी वाहत होते.

उलट, पट्ट्याच्या बाहेर असूनही पाणी टिकलेली ठिकाणे आहेत. गुरूचा चंद्र युरोपा सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपटीहून दूर. पण गुरूच्या ओढीने तो सतत मळला जातो आणि त्या उष्णतेने बर्फाखाली समुद्र राहिला असावा. शनीच्या एन्सेलाडसवर २००५ मध्ये कॅसिनी यानाने बर्फातून उसळणारी कारंजीच पाहिली. माळावर हिरवे काही नाही, पण खडकाखाली विहिरीला पाणी आहे, असा हा प्रकार. दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांना असे चंद्र असतील. निर्विवाद असा एकही अजून हाती आलेला नाही.

दूरच्या ग्रहांची आणेवारी सध्या विंगेटच्या पायरीवर चढू पाहते आहे. ट्रॅपिस्ट-१ हा सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा लहानगा तांबडा तारा. त्याला सात खडकाळ ग्रह असल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले आणि त्यांतले तीन पट्ट्यात बसतात म्हणून मोठा गाजावाजा झाला. २०२३ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीने सर्वांत आतल्या ग्रहाच्या दिवसाच्या बाजूचे तापमान मोजले. ते सुमारे २३० अंश सेल्सियस भरले, म्हणजे उष्णता रात्रीच्या बाजूकडे वाहून नेणारी दाट हवा तिथे नसावी. दुसऱ्या ग्रहावरही कार्बन डायऑक्साइडचे जाड आवरण दिसले नाही. हे दोन्ही पट्ट्याच्या आतल्या बाजूचे, उन्हातले. चौथा ग्रह पट्ट्यात आहे. तो ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याच्या कडेने गाळून येणारा प्रकाश पुन्हा पुन्हा तपासला जात आहे. इंदापूरच्या शिवारात कारकुनाला निदान पहार मारून पाहता येत होते.