गाडी बंद, हीटर चालू! जर्मनीत कारचं सर्व्हिसिंग करताना इंजिन, गिअरबॉक्ससोबत ही तिसरी गोष्ट का तपासावी लागते?

जानेवारीतली सकाळ. बाहेर उणे १० अंश. जर्मनीतल्या एखाद्या गल्लीत रात्रभर उभ्या असलेल्या गाड्यांच्या काचांवर बर्फाचा थर बसलेला असतो आणि लोक हातात खरवडणी घेऊन तो काढत असतात. त्याच रांगेत एखादी गाडी मात्र अशी असते, जिच्या काचा स्वच्छ आहेत आणि आत ऊब आहे. गंमत म्हणजे तिचं इंजिन बंद आहे आणि आत कुणीच नाही.

ही कमाल ‘श्टांडहायत्सुंग’ची, म्हणजे उभ्या गाडीत चालणाऱ्या स्वतंत्र हीटरची. आपल्याकडे इंजिन चालू करून गाडी गरम होऊ देणं नेहमीचं आहे. जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवायला वाहतूक नियमांनीच बंदी आहे. काचेवरचा बर्फ न काढता गाडी चालवली तरी दंड. त्यामुळे ज्यांना परवडतं ते हा हीटर बसवून घेतात. वेबास्टो (सनरूफमुळे आपल्याकडच्या कारप्रेमींना माहीत असलेली) आणि एबरश्पेशर या दोन जर्मन कंपन्या या धंद्यातल्या मोठ्या.

हा हीटर चालतो कसा?

साध्या कारमधला हीटर स्वतः उष्णता तयार करत नाही. तापलेल्या इंजिनातला कूलंट डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतो आणि पंखा त्यावरून हवा फेकतो, एवढंच. इंजिन थंड असेल तर हवाही थंड. त्यात आधुनिक डिझेल इंजिन कमी उष्णता वाया घालवतं, त्यामुळे ते तापायला जास्तच वेळ घेतं.

श्टांडहायत्सुंग ही इंजिनाच्या बाजूला बसवलेली छोटी भट्टीच असते. एक बारीक पंप टाकीतून थेंबाथेंबाने इंधन आणतो (शांत गल्लीत त्याची टिकटिक ऐकू येते), ग्लो पिन ते पेटवते आणि ज्वाळेच्या उष्णतेने कूलंट तापतो. कारमधल्या अशा हीटरची ताकद साधारण ५ किलोवॅट, म्हणजे बाथरूममधल्या दोन गिझरपेक्षाही जास्त. पूर्ण जोरात चालला तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर इंधन खातो.

भट्टी म्हटली की काजळी आली. हीटर सारखा पाच-पाच मिनिटंच चालवला तर ज्वलन नीट स्थिर होत नाही आणि बर्नरमध्ये कार्बन साचतो. मग सुरू होताना पांढरा धूर निघतो, दोन-तीनदा पेटायचा प्रयत्न फसतो आणि शेवटी हीटर स्वतःला लॉक करून टाकतो. तो उघडायला डायग्नोस्टिक मशीन लागतं. दुसरा त्रास उन्हाळ्यातला. सहा महिने बंद राहिलेला पंप अडकतो, नळीतलं इंधन शिळं होतं. म्हणूनच कंपन्या सांगतात की भर उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा, इंजिन थंड असताना, दहा मिनिटं हीटर चालवा. जुलैत गाडीत हीटर लावणं वेडेपणाच वाटतो, त्यामुळे हाच सल्ला सगळ्यात कमी पाळला जात असावा.

बॅटरीचं गणितही सोपं आहे. जितकी मिनिटं हीटर चालवला, निदान तितकी मिनिटं गाडी चालवायची. अर्धा तास हीटर लावून दहा मिनिटांवरच्या ऑफिसला जाणाऱ्याची बॅटरी कधी ना कधी दगा देतेच.

सर्व्हिसिंगमध्ये सगळ्यात गंभीरपणे बघायची गोष्ट म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप. तो गंजला किंवा सुटला तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेऊ शकतो. बंद गॅरेजमध्ये हा हीटर अजिबात लावायचा नाही, टायमर लावून ठेवलेला असेल तरीही. पेट्रोल पंपावरही तो बंद हवा, कारण आत उघडी ज्वाळा असते.

इंजिन ऑइल: किलोमीटर कमी, तरी ऑइल खराब

फोक्सवॅगनच्या ‘लाँगलाइफ’ पद्धतीत ऑइल बदलाचं अंतर ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतं. हा आकडा हायवेवर पळणाऱ्या गाडीसाठी ठीक. थंडीत रोज चार किलोमीटर जाऊन येणाऱ्या गाडीचं ऑइल नीट तापतच नाही. न जळालेलं इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि तिथेच राहते. डिपस्टिकवर पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइलमध्ये इंधन मिसळत असल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा वापरात वर्षाला एकदा ऑइल बदललेलं बरं.

गिअरबॉक्सचं ‘लाइफटाइम’ कुणाचं?

ऑटोमॅटिक गाड्यांच्या अनेक कंपन्या गिअरबॉक्समधलं ऑइल आयुष्यभरासाठी भरलंय, असं सांगतात. पण यातल्या कितीतरी गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ही कंपनी स्वतः मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदलायची शिफारस करत आली आहे. गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकलेलं बरं. फोक्सवॅगन समूहाच्या सहा गिअरच्या, ऑइलमधल्या क्लचच्या डीएसजीसाठी तर कंपनीनेच ६०,००० किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायला सांगितलं. भारतात विकल्या गेलेल्या स्कोडाच्या काही डिझेल गाड्यांमध्येही हाच प्रकार होता.

हे काम नाक्यावरच्या गॅरेजात अंदाजाने होत नाही. ऑटोमॅटिकमध्ये ऑइलची पातळी ठरावीक तापमानालाच मोजावी लागते. कमी-जास्त झालं की गिअर पडताना झटके बसू लागतात. ऑइलचा ग्रेडही गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला तोच हवा.

शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेल्या कुणी सेकंड हँड गाडी घेताना सर्व्हिस बुकातल्या शिक्क्यांवर थांबू नये. ते शिक्के बहुतेक वेळा इंजिन ऑइलचे असतात. गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचं वेगळं बिल मागावं, आणि गाडी बघायला जाण्याआधी मालकाला सांगावं की इंजिन सुरू करून ठेवू नका. थंड गाडीत हीटर आपल्यासमोर लावायचा, वीस मिनिटं थांबायचं आणि आत गरम हवा येतेय का ते हात लावून बघायचं.