तापमान-नियंत्रित पंखा

तापमान-नियंत्रित पंखा म्हणजे सभोवतालच्या हवेच्या किंवा एखाद्या वस्तूच्या तापमानानुसार ज्याची गती आपोआप कमी-अधिक होते असा पंखा होय. संगणक, वीजपुरवठा संच, इन्व्हर्टर, ध्वनिवर्धक इत्यादी उपकरणांत असे पंखे वापरले जातात. तापमान मोजणारा संवेदक, त्याचा सूक्ष्म संकेत मोठा करणारा प्रवर्धक आणि पंख्यास वीज पुरवणारा ट्रान्झिस्टर हे या परिपथाचे तीन मुख्य भाग असतात. प्रस्तुत लेखात १२ व्होल्ट डीसी विजेवर चालणाऱ्या लहान पंख्यासाठीच्या साध्या परिपथाचे वर्णन केले आहे.

प्रयोजन

सदैव पूर्ण गतीने फिरणारा पंखा गरज नसतानाही आवाज करतो, उपकरणात अधिक धूळ ओढतो आणि त्याची बेअरिंग लवकर झिजतात. पंख्याने ढकललेली हवा त्याच्या गतीच्या सम प्रमाणात असते. त्यासाठी लागणारी शक्ती मात्र गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे गती निम्मी केल्यास हवा निम्मी मिळते, परंतु पात्यांना लागणारी शक्ती साधारण एक-अष्टमांशावर येते.

नियंत्रणाचे प्रकार

* चालू-बंद नियंत्रण : ठरावीक तापमानाच्या वर पंखा सुरू होतो व खाली बंद होतो. सुरू आणि बंद होण्याच्या तापमानांत काही अंशांचे अंतर ठेवावे लागते. अन्यथा त्या सीमेवर पंखा सारखा चालू-बंद होत राहतो.
* प्रमाणबद्ध नियंत्रण : तापमान वाढेल त्या प्रमाणात पंख्यास मिळणारा विद्युतदाब वाढवला जातो. पुढील परिपथ या प्रकारचा आहे.
* स्पंदरुंदी नियंत्रण : वीज अतिशय जलद चालू-बंद करून चालू राहण्याच्या काळाचे प्रमाण बदलले जाते. संगणकातील चार तारांच्या पंख्यांत सुमारे २५ किलोहर्ट्झ वारंवारतेचा असा संकेत वापरतात.

लागणारे घटक

* एलएम३५ तापमान संवेदक
* एलएम३५८ ऑप-अ‍ॅम्प
* बीडी१३९ ट्रान्झिस्टर व लहान उष्णताशोषक पट्टी
* १ किलोओहमचे दोन आणि १८ किलोओहमचा एक रोधक
* १एन४००७ डायोड
* ०.१ मायक्रोफॅरड व १०० मायक्रोफॅरडचे प्रत्येकी एक धारित्र
* १२ व्होल्ट, ०.१५ ते ०.२ अँपिअरचा डीसी पंखा
* १२ व्होल्ट, १ अँपिअरचा डीसी अ‍ॅडॉप्टर

एलएम३५ ऐवजी थर्मिस्टरही वापरता येतो व तो स्वस्त असतो. परंतु नेहमीच्या थर्मिस्टरचा रोध तापमान वाढताना वक्राकार पद्धतीने घटतो. याउलट एलएम३५ दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे गणित सोपे होते.

जोडणी

एलएम३५ चा सपाट भाग आपल्याकडे व पाय खाली ठेवल्यास डावा पाय धन पुरवठ्याचा, मधला संकेताचा आणि उजवा ऋण बाजूचा असतो. पुरवठ्याचे पाय उलट जोडल्यास तो झपाट्याने तापतो व निकामी होऊ शकतो.

१. एलएम३५८ चा आठवा पाय धन १२ व्होल्टला व चौथा ऋण बाजूस जोडावा. या दोहोंमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र शक्य तितके जवळ लावावे.
२. एलएम३५ चा मधला पाय एलएम३५८ च्या तिसऱ्या पायास जोडावा.
३. एलएम३५८ चा पहिला पाय ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडावा. कलेक्टर धन १२ व्होल्टला, तर एमिटर पंख्याच्या लाल तारेस जोडावा. पंख्याची काळी तार ऋण बाजूस जाते.
४. १८ व १ किलोओहमचे रोधक एकसरीत जोडून ते एमिटर आणि एलएम३५८ चा दुसरा पाय यांमध्ये लावावेत. दुसरा १ किलोओहमचा रोधक दुसऱ्या पायापासून ऋण बाजूस लावावा.
५. डायोड पंख्यास समांतर लावावा. त्याचे पट्टी असलेले टोक एमिटरकडे असावे. पंखा बंद होताना निर्माण होणाऱ्या उलट विद्युतदाबापासून तो ट्रान्झिस्टरचे रक्षण करतो.
६. १०० मायक्रोफॅरडचे धारित्र पुरवठ्याच्या दोन तारांमध्ये, ऋण खूण ऋण बाजूस ठेवून लावावे.
७. एलएम३५८ मधील न वापरलेल्या दुसऱ्या प्रवर्धकाचा पाचवा पाय ऋण बाजूस आणि सहावा पाय सातव्यास जोडावा.

कार्य

वरील रोधकांमुळे प्रवर्धन १ + १९/१ म्हणजे २० पट होते. म्हणून पंख्यास मिळणारे व्होल्ट हे अंश सेल्सिअसमधील तापमानाच्या एक-पंचमांश असतात :

* २५ अंश : संवेदक ०.२५ व्होल्ट, पंखा ५ व्होल्ट
* ३० अंश : संवेदक ०.३० व्होल्ट, पंखा ६ व्होल्ट
* ४० अंश : संवेदक ०.४० व्होल्ट, पंखा ८ व्होल्ट
* ४५ अंश : संवेदक ०.४५ व्होल्ट, पंखा ९ व्होल्ट

प्रतिभरणाचा रोधक ऑप-अ‍ॅम्पच्या पायापासून न घेता एमिटरपासून घेतल्याने ट्रान्झिस्टरमध्ये होणारी सुमारे ०.७ व्होल्टची घट आपोआप भरून निघते. एलएम३५८ चे निर्गत मात्र पुरवठ्यापेक्षा सुमारे १.५ व्होल्टने कमीच राहते. परिणामी पंख्याचा विद्युतदाब दहा व्होल्टच्या अलीकडेच थांबतो.

संवेदकाची जागा

संवेदक थंड करावयाच्या वस्तूस चिकटवल्यास वस्तू तापते, पंखा वेगाने फिरतो, वस्तू निवते आणि पंखा पुन्हा मंदावतो; अशा रीतीने तापमान एका समतोलावर स्थिरावते. संवेदक केवळ बाहेरच्या हवेत ठेवल्यास वस्तू कितीही तापली तरी पंख्यास त्याचा पत्ता लागत नाही. विदर्भातील उन्हाळ्याप्रमाणे हवाच ४५ अंशांपर्यंत तापत असेल, तर पंखा आरंभापासूनच ९ व्होल्टवर चालतो आणि गती वाढण्यास फारसा वाव उरत नाही.

तपासणी

प्रथम पंखा न जोडता संवेदकाच्या मधल्या पायावरील विद्युतदाब मल्टीमीटरने मोजावा. ३० अंशांच्या खोलीत तो सुमारे ०.३० व्होल्ट असावा. मग पंखा जोडून एमिटरवर ६ व्होल्ट मिळतात का ते पाहावे. संवेदक बोटांच्या चिमटीत धरल्यास हा आकडा सावकाश बदलू लागतो. पंखा नुसता गुणगुणत असेल व फिरत नसेल, तर त्यास सुरू होण्यापुरता विद्युतदाब मिळत नाही असे समजावे. १२ व्होल्टच्या अनेक पंख्यांना सुरू होण्यास ४ ते ५ व्होल्ट लागतात. थंडीत २० अंशांना हा परिपथ केवळ ४ व्होल्ट देतो.

मर्यादा व सुरक्षितता

* पंख्यास न दिलेला विद्युतदाब ट्रान्झिस्टरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जातो. मंद गतीमुळे होणाऱ्या वीजबचतीचा काही भाग त्यामुळे नाहीसा होतो. मोठ्या पंख्यांसाठी स्पंदरुंदी नियंत्रण अधिक योग्य ठरते.
* संवेदकाची धन पुरवठ्याची तार तुटल्यास त्याचा संकेत शून्यावर येतो व पंखा नेमका गरजेच्या वेळी थांबतो. म्हणून अतिउष्णतेने धोका संभवणाऱ्या उपकरणात केवळ या परिपथावर विसंबू नये. ठरावीक तापमानास वीज तोडणारा स्वतंत्र थर्मल कटआउट बसवावा.
* घरातील छताचा पंखा २३० व्होल्ट एसी विजेवर चालतो. तो या परिपथास कदापि जोडू नये. तसे केल्यास परिपथ जळेल व विजेच्या धक्क्याने प्राणहानी होऊ शकते. विद्यार्थ्यांनी प्रयोगासाठी तयार, बंदिस्त अ‍ॅडॉप्टरच वापरावा.